टेबल गुण्यात (काटकोनात) आणण्याबद्दल, विन्याला

कोल्हापूर
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय विन्या,
सप्रेम नमस्कार.

काटकोनात काप येण्यासाठी आता कुठलं मशीन घेऊ, असं तू फोनवर विचारलंस आणि बोलणं अर्धवट राहिलं. तसंही हे फोनवर सांगण्यासारखं नाही. आकडे आहेत, कागद पुढ्यात लागतो. म्हणून सविस्तर लिहितोय. पहिलं म्हणजे नवं मशीन घेऊ नकोस. तुझी सव्वासात इंची सर्क्युलर सॉ चांगली आहे. तुला हवंय ते टेबल. प्लायचा तुकडा फेन्सला, म्हणजे टेबलावर पक्क्या केलेल्या सरळ आडव्या दांड्याला, टेकवला की सॉ दर वेळी त्याच रेषेवरून जाईल, आणि ती रेषा फेन्सशी काटकोनात आहे हे त्या टेबलाने स्वतः कापून दाखवलेलं असेल, असं टेबल.

ड्रॉवर घासतात आणि मिस्त्री चॅनेलला नावं ठेवतात, असं म्हणालास. चॅनेल बदलून काही होणार नाही. टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्ही बाजूंना साधारण 12.7 मिमी, म्हणजे आपला अर्धा इंच, जागा लागते. त्यात अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे चालून जातं. पण खोका पुढे 500 आणि मागे 498 झाला, तर ड्रॉवर निम्मा आत गेल्यावर आवळणारच. दारांचंही तेच. दोन दारांमधली फट आपण 3 मिमी धरतो. ती वर 3 आणि खाली दीड झाली तर गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी बिघडलंय हे त्याला पहिल्या नजरेत कळतं.

आबांच्या वेळी हे का अडलं नाही, याचा मी बराच विचार केला आहे. आबा सागवानाचं दार चौकटीत बसवताना रंध्याने कड घेत घेत आणायचे. काप सूतभर वाकडा गेला तरी त्यांच्या हातात तो सुधारायची सोय होती, कारण सगळं लाकूडच होतं. तुझ्याकडे मायका चिकटवलेला प्लाय आहे आणि त्यावर एज बँड, म्हणजे कडेला चिकटवायची पट्टी, जाणार. त्यावर रंधा मारता येत नाही. म्हणजे जे काही अचूक यायचं ते कापतानाच यायला हवं. आबांचं कसब कमी पडत नाही विन्या, सामान बदललं आहे. त्यामुळे अचूकपणा हातातून काढून टेबलात आणावा लागतो.

मधला एक मार्ग तुझ्या मिस्त्र्यांनी सुचवलाय: फरशी कापायचा चार इंची कटर प्लायच्या खाली उलटा बसवायचा आणि पातं वर काढून टेबल सॉ करायची. हे करू नकोस, कृपा करून करू नकोस. ते मशीन मिनिटाला 12,000 च्या आसपास फेरे घेतं, त्याला लाकडासाठीचं गार्ड नसतं, पात्यामागे काप उघडा ठेवणारी पट्टी नसते. काप मिटला आणि प्लाय पात्याला आवळला की तुकडा उलटा अंगावर येतो आणि हात त्याच्यामागून पात्याकडे ओढला जातो. रत्नागिरीपासून सोलापूरपर्यंत कुठल्याही फर्निचरच्या कारखान्यात बोटं गेलेली माणसं भेटतात. आपल्या टेबलात लाकूड जागेवर स्थिर राहतं आणि मशीन रेलवरून, म्हणजे त्याला सरळ नेणाऱ्या पट्टीवरून, पुढे जातं, दोन्ही हात मशीनच्या मुठींवर असतात. निव्वळ या एका कारणासाठीसुद्धा मी हीच रचना निवडली असती.

आता टेबल. उंची तुझ्या मनगटाशी, म्हणजे 850 ते 900 मिमी. खालचा सांगाडा लाकडाचा कर किंवा लोखंडी चौकोनी पाइपचा, पण जमिनीवर डगमगता कामा नये. वरचा पाट सपाट हवा, आणि सपाट म्हणजे नुसता लेव्हलमध्ये नव्हे. लेव्हल थोडी उतरती असली तरी कापाला फरक पडत नाही. पाटात पीळ असला तर पडतो. पीळ पाहायला दोन दोऱ्या पुरतात. चारही कोपऱ्यांवर सारख्या जाडीचे ठोकळे ठेव आणि त्यांवरून कर्णांवर दोन दोऱ्या ताणून बांध. एक दोरी दुसरीच्या वरून जाते. मधे त्या जेमतेम टेकल्या पाहिजेत. फट दिसली किंवा एकीने दुसरीला दाबलं तर पीळ आहे. वरची दोरी खाली आणि खालची वर करून परत बघ, म्हणजे दोरीच्या जाडीने फसायला होणार नाही. मग ज्या पायाखाली लागेल तिथे पातळ पट्टी सरकव.

पाटाला मी 18 मिमी एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड, वापरला आहे. कोल्हापुरात चालतो. तुझ्या चिपळूणच्या हवेत मी चांगला मरीन प्लाय, आयएस 710 या मानकाचा, घेईन. एमडीएफच्या कडा ओलाव्याने फुगतात आणि एकदा फुगल्या की परत बसत नाहीत. एमडीएफच घ्यायचा झाला तर कडांना आणि भोकांच्या आतून पॉलिशचे दोन-तीन हात दे. आणि पाट सांगाड्यावर बोल्टने बसव, चिकटवू नकोस. 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत कुठवर चढलं होतं ते तू डोळ्यांनी पाहिलंयस. चार बोल्ट काढून पाट माळ्यावर टाकता आला पाहिजे.

भोकांचं काम हाताने करत बसू नकोस. हल्ली गावोगाव सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, जाळ्या कापून देणारी दुकानं आहेत, तिथे जा. 20 मिमी व्यासाची भोकं, दोन्ही दिशांना 96 मिमी अंतरावर. हे माप जगभर चालतं आणि त्यात बसणाऱ्या खुंट्या, क्लॅम्प आता आपल्याकडेही मिळतात. पण सीएनसीचं काम आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नकोस. त्या मशीनचा आडवा दांडा किंचित तिरका चालत असेल तर सगळी भोकं शिस्तीत, पण तिरक्या जाळीत पडतात. तपासणं सोपं आहे. एका भोकापासून एका दिशेला तीन घरं म्हणजे 288 मिमी, दुसरीकडे चार घरं म्हणजे 384. त्या दोन भोकांमधलं तिरकं अंतर बरोबर 480 भरलं पाहिजे. उजवीकडचा त्रिकोण मोजलास की डावीकडचाही मोज. एक 480 पेक्षा जास्त आणि दुसरा तितकाच कमी आला तर जाळी तिरकी आहे. मोठा त्रिकोण घेतलास, सहा आणि आठ घरांचा, म्हणजे 960 चा, तर चूक जास्त स्पष्ट दिसते.

मोजताना टेपचा हूक वापरू नकोस. तो जरासा हलतो, आणि ते बिघडलेलं नसतं: आतलं माप आणि बाहेरचं माप दोन्ही बरोबर यावं म्हणून तो स्वतःच्या जाडीइतका सरकतो. बारीक कामात 100 च्या रेघेपासून मोजायला सुरुवात करायची आणि शेवटी 100 वजा करायचे.

फेन्स म्हणजे या टेबलाचा मालक. बाकी सगळं तिच्या तोंडाकडे बघून लावायचं. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडे दीड बाय तीन इंची जाड भिंतीचा चौकोनी पाइप मिळतो, त्यातला मीटरभराहून थोडा जास्त तुकडा निवडून घे. निवडून म्हणजे दुकानातच तपासून. कागदावर त्याच्या कडेने टोकदार पेन्सिलीने रेघ ओढ, मग पाइप पालथा करून तीच कड त्याच दोन टोकांना लावून परत रेघ ओढ. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर कड सरळ. मधे डोळ्यासारखी फट पडली तर कडेला बाक आहे, आणि फट दिसते त्याच्या निम्मा आहे. मी माझा तुकडा शिरोली एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये सरफेस प्लेटवर (तपासणीसाठीच्या अगदी सपाट पाटावर) टेकवून पाहिला, कारण इथे ते हाताशी आहे. तुला रेघांची परीक्षा पुरेल. फेन्सच्या खालच्या कडेला तीन-चार मिमीची खाच ठेव किंवा फेन्स तेवढी उचलून बसव, म्हणजे भुसा तिच्यात आणि प्लायमध्ये न अडकता खाली जाईल. 300 मिमीच्या तुकड्यामागे 0.3 मिमीचा एक कण अडकला तर पुढची सगळी मेहनत त्या कणाने घालवलेली असते.

रेल विकत घे किंवा घरी कर. घरी करायची तर 6 मिमी प्लायच्या तळावर 12 मिमीची सरळ पट्टी स्क्रूने बसवायची, तळाची कड मुद्दाम जास्त ठेवायची, आणि सॉ त्या पट्टीला घासून एकदा पूर्ण चालवायची. जास्तीचा तळ कापला जातो आणि उरलेली कड हीच कापाची रेषा. पुढे त्या सॉला तेच ब्लेड ठेव. वेगळ्या जाडीचं ब्लेड लावलंस की रेषा सरकली.

रेल टेबलाला मागच्या बाजूला बिजागरीने जोडायची, पुढे एका खाचेत पडायची. आणि आता मला जे तुला सगळ्यात ठासून सांगायचंय ते: काटकोनाचा विचार करायच्या आधी रेल दर वेळी त्याच जागी पडते का ते बघ. पाटावर कोरा कागद चिकटव, रेल खाली पाड, तिच्या कडेने सुरीने बारीक चीर मार. रेल उचल, पाड, परत चीर मार. चारपाच वेळा कर. सगळ्या चिरा एकाच चिरेत गेल्या पाहिजेत. नसतील जात तर बिजागरीत खेळ आहे किंवा पुढची खाच सैल आहे, आणि अशा टेबलावर काटकोन लावत बसणं म्हणजे हलत्या पाटावर लेव्हल लावणं. तोच तोच चुकीचा काप देणारं टेबल दहा मिनिटांत दुरुस्त होतं. कधी बरोबर, कधी चूक देणारं टेबल कधीच दुरुस्त होत नाही. रेल पडते तिथे तिच्या दोन्ही टोकांना कापायच्या प्लायइतक्याच जाडीचे तुकडे ठेवायचे, नाहीतर सॉच्या वजनाने ती झुकते.

सॉचंही थोडं बघायला हवं. ब्लेड तळपट्टीला काटकोनात आहे का ते बघ (ब्लेडला हात लावायच्या आधी मात्र प्लग काढ): एक रुंद पट्टी काप, कापलेला एक भाग पालथा कर आणि दोन्ही कापलेल्या कडा एकमेकींना भिडव. वर किंवा खाली फट उघडली तर ब्लेड तिरकं आहे, फट त्याच्या दुप्पट दाखवते. ब्लेड तळपट्टीच्या कडेला समांतर नसेल तर मागचे दात कापलेली कड परत खरवडतात आणि ती करपते. प्लायसाठी 40 च्या वर दातांचं टीसीटी (टंगस्टन कार्बाइडच्या टोकांचं) ब्लेड घे. सर्क्युलर सॉचे दात खालून वर येतात, त्यामुळे छिलके वरच्या बाजूला उडतात. रेलची कड त्याच रेषेवर दाबून बसते, म्हणून तिच्याखालची बाजू स्वच्छ राहते. ब्लेडची खोली प्लायच्या जाडीपेक्षा दोन-तीन मिमी जास्त, त्याहून नको. पाटावर एक चीर पडेल, पडू दे.

आता गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार. गुण्याही तपासून घ्यायचा: सरळ कडेवर टेकवून रेघ ओढायची, उलटा करून त्याच बिंदूपासून परत ओढायची, रेघा फाकल्या तर गुण्या गेलेला. चांगला गुण्या मिळाला की फेन्स त्याने ढोबळ लावून घे. पण तिथे थांबू नकोस, कारण 300 मिमीचा गुण्या फक्त 300 मिमीपुरतं सांगतो आणि तेही तुझ्या डोळ्याला दिसेल तेवढंच. कर्ण मोजूनही भागत नाही. 600 मिमीचा चौरस कोपऱ्याला पाव मिलिमीटरने बाहेर गेला, तर दोन कर्णांत साधारण 0.35 मिमीचा फरक पडतो. टेपवर तो वाचता येईल का? येणार नाही.

यावर सुतारांमध्ये चालत आलेली एक फार सुंदर रीत आहे, पाच कापांची. चूक इतकी लहान असते की मोजता येत नाही, म्हणून ती आधी चौपट करून घ्यायची आणि मग मोजायची.

साधारण 450 मिमीचा चौकोनी तुकडा घे. तुझ्या टेबलाची मांडणी अशी धर: फेन्स तुझ्यापासून लांब, मागच्या बाजूला, रेल तुझ्याकडून फेन्सकडे, तुकडा रेलच्या डावीकडे. मागची कड फेन्सला टेकवून उजवी कड पट्टीभर काप. आता तुकडा डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेला, एक वळण फिरव, नुकतीच कापलेली कड फेन्सला येईल. परत उजवी कड काप. असं चार वेळा. पाचव्या वेळी पहिल्यांदा कापलेलीच कड परत रेलखाली येते. तिथे 25 मिमी रुंदीची पट्टी निघेल एवढं आत सरकवून काप. पण त्याआधी त्या पट्टीवर पेन्सिलीने खूण कर: फेन्सकडच्या टोकाला 'फे', तुझ्याकडच्या टोकाला 'मा'. पट्टी एकदा हातात आली की कुठलं टोक कुठलं हे सांगता येत नाही.

चौपट कशी होते ते सांगतो, म्हणजे तू आकडे नुसते पाठ करणार नाहीस. तुझा काप काटकोनापेक्षा थोडा जास्त कोन देतो असं समज. तुकड्याचे तीन कोपरे तेवढ्यानेच जास्त येतात. चौकोनाच्या चार कोनांची बेरीज बदलत नाही, त्यामुळे चौथ्या कोपऱ्यात त्या तिन्ही चुका उलट्या बाजूने साठतात. पाचवा काप त्याच कोपऱ्यावर बसतो आणि स्वतःची चौथी चूक त्यात घालतो. पट्टीच्या दोन टोकांतला फरक म्हणजे चार चुका एकत्र.

उदाहरण घे. पट्टी 400 मिमी लांब. व्हर्निअरने 'फे' टोक 25.62 आणि 'मा' टोक 25.30. फरक 0.32. चाराने भागलं, 0.08. म्हणजे 400 मिमी लांबीत काप 0.08 मिमीने बाहेर जातोय. फेन्स तू रेलजवळच्या बोल्टवर फिरवतोस आणि डावीकडच्या, 900 मिमी लांबच्या बोल्टवर आवळतोस असं धर. 0.08 ला 400 ने भागून 900 ने गुण, 0.18 येतं. डावं टोक एवढंच हलवायचं.

कुठल्या दिशेला, हेही ठरलेलं आहे. 'फे' टोक जाड आलं तर कोन काटकोनापेक्षा मोठा आहे, फेन्सचं डावं टोक तुझ्याकडे आण. 'मा' टोक जाड आलं तर मागे ढकल. 0.18 मिमी हाताने कुणाला हलवता येत नाही, त्यासाठी गॅरेजवाल्यांकडे असतो तो फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पातींचा संच, वापर. फेन्सच्या मागे डाव्या टोकाला एक ठोकळा क्लॅम्पने पक्का कर. फेन्स पुढे आणायची असेल तर ठोकळा आधी तिला भिडवून आवळ, मग बोल्ट सैल करून मधे 0.18 ची पात घाल, फेन्स पातीला दाबून बोल्ट आवळ. मागे न्यायची असेल तर पात मधे धरून ठोकळा आवळ, पात काढ, फेन्स मागे ठोकळ्याला भिडव. झालं.

पट्टी मोजायच्या आधी कडेचे छिलके पॉलिश पेपरने हलकेच उतरव, आणि व्हर्निअरचे जबडे नुसते टेकव, दाबू नकोस. प्लाय दबतो. प्रत्येक टोक तीनदा मोजून मधलं माप घे. दुरुस्तीनंतर पाच काप परत काढ. फरक 0.1 च्या आत आला तर 400 मिमीला 0.025 ची चूक उरली. मी तिथे थांबतो. मायक्याला फेव्हिकॉलचा जो थर बसतो त्यातही याहून जास्त कमीजास्त असतं.

रोजच्या कामाबद्दल थोडं. आठ बाय चारची अख्खी शीट या टेबलावर चढवू नकोस. जमिनीवर थर्मोकोलच्या जाड शीट पसरून त्यावर ती पाच मिमी जास्त ठेवून फोड. मग प्रत्येक तुकड्याची एक लांब कड सरळ करून घे आणि तीच कड शेवटपर्यंत फेन्सला लाव. कारखान्यातून आलेली कड सरळ असेलच असं धरायचं नाही. एकसारखी मापं लागतील तिथे टेप बाजूला ठेवून फेन्सवर स्टॉपर, म्हणजे तुकडा ठरल्या जागी अडवणारा ठोकळा, लाव. दोन बाजूंचे पाट एकाच स्टॉपरवर कापले की ते माप चुकलं तरी एकमेकांशी जुळतात, आणि खोका गुण्यात येतो तो त्यामुळेच. गॉगल, कानाला मफ आणि मास्क मिस्त्र्यांनाही दे. एमडीएफची धूळ फार बारीक असते, आणि त्या लोकांनी वर्षानुवर्षं ती नाकातोंडात घेतलेली आहे.

दर पावसाळ्यानंतर, आणि टेबल कुणी हलवलं की, पाच काप परत काढायचे. एरवी कशाला हात लावायचा नाही.

माझ्याकडे फिलर गेजचे दोन संच आहेत. त्यातला एक आणि फेन्सच्या बोल्टांचं रेखाटन एसटीच्या पार्सलने या आठवड्यात पाठवतो. सीएनसीवाल्याकडे जाताना 96 आणि 20 हे दोन आकडे कागदावर लिहूनच ने. पहिली पट्टी निघाली की तिची दोन्ही मापं आणि 'फे' कुठलं ते मला कळव. दिवाळीनंतर मी दोन दिवस तिकडे येतोय, तोवर सांगाडा उभा झालेला असू दे, फेन्स आपण मिळून लावू.

आबांना आणि काकूंना साष्टांग नमस्कार सांग. आबांना हे पत्र वाचून दाखव, पाच कापांचा भाग त्यांना नक्की आवडेल.

तुझा,
शिरीष